खीटहोर्नचे पाणी माणसाने खणलेले आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत नेदरलँडमधील 'गिथॉर्न' या गावावरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि लेखकाचे त्या गावावरचे प्रेमही जाणवले. परंतु 'एकही रस्ता नसलेले गाव', 'निसर्गाने दिलेले कालवे' आणि 'जिथे काळ थांबला आहे' ही तिन्ही वर्णने चुकीची आहेत. ती पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून वर्षानुवर्षे फिरत राहिली आहेत. नेदरलँडच्या पाणथळ भागाचा आणि तिथल्या जलव्यवस्थेचा आम्ही दोघे बरीच वर्षे अभ्यास करतो. त्या आधारे हे पत्र लिहीत आहोत. ते नेहमीच्या पत्रांहून लांब झाले आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

आधी नाव. डच भाषेत 'ग'चा उच्चार घशातून 'ख'सारखा होतो, म्हणून गावाचे नाव खीटहोर्न असे ऐकू येते. अर्थ आहे बोकडाचे किंवा बकरीचे शिंग. परंपरा सांगते की तेराव्या शतकात इथे वस्ती करायला आलेल्या लोकांना दलदलीत रानबकऱ्यांच्या शिंगांचा ढीग सापडला. ११७० साली आलेल्या मोठ्या पुरात त्या बकऱ्या बुडाल्या असाव्यात, असे त्यांनी मानले. हे पहिले लोक भूमध्य सागराकडून पळून आलेले, स्वतःला फटके मारून घेणाऱ्या पंथाचे होते, असेही सांगतात. या दोन्ही गोष्टी दंतकथा म्हणूनच घ्याव्यात. नक्की एवढेच म्हणता येते की ओव्हरआयसल प्रांताच्या वायव्य कोपऱ्यातला हा दलदलीचा मुलूख त्या काळी उट्रेख्तच्या बिशपच्या सत्तेखाली होता, आणि तिथे माणसे आली ती पीटसाठी.

पीट म्हणजे काय, हे लेखात कुठेच आले नव्हते, आणि त्यावाचून हे गाव समजत नाही. पाणथळ जागेत शेवाळ, लव्हाळे, बोरू ही झाडे मरतात, पण पाण्याखाली हवा नसल्यामुळे ती पूर्ण कुजत नाहीत. हजारो वर्षे थरावर थर साचून तपकिरी, स्पंजासारखी माती तयार होते. ओल्या स्थितीत तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि वाळवली की ती जळते. लाकूड तुटपुंजे आणि कोळसा महाग अशा सखल देशात सतराव्या आणि अठराव्या शतकात घरातली चूल, विटांच्या भट्ट्या, मद्याचे कारखाने हे सारे मुख्यतः पीटवर चालत होते. हॉलंडच्या शहरांची ती भूक भागवणाऱ्या खाणींपैकी एक म्हणजे खीटहोर्न. छायाचित्रांतले कालवे ही त्या खाणीतली मालवाहतुकीची वाट आहे, आणि आजूबाजूची तळी म्हणजे खणून रिकामे झालेले खड्डे.

इथला पीट पाण्याच्या पातळीखाली होता, त्यामुळे तो फावड्याने कापता येत नसे. तो पाण्यातून उपसावा लागे. मजूर काठावर किंवा होडीत उभा राही. त्याच्या हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला धारदार कडेची लोखंडी कडी आणि कडीला जाळे. कडी तळाशी घासत ओढली की पीट सुटून जाळ्यात येई. तो वर घेऊन लाकडी खोक्यात किंवा होडीत टाकायचा, पाणी घालून तुडवायचा, त्यातली मुळे आणि काटक्या वेचून काढायच्या आणि एकजीव चिखल झाला की तो शेजारच्या अरुंद जमिनीच्या पट्ट्यावर वीतभराहून जाड पसरायचा. काही दिवसांत पाणी निथळले की मजूर पायाला फळ्या बांधून त्यावर चालत. त्याने थर दाबला जाई, पण पाय रुतत नसे. मग लांब पात्याच्या अवजाराने त्यावर आडव्या-उभ्या रेघा कापून विटा पाडत. त्या उलटत, एकावर एक अशा रचत की मधून वारा खेळेल, पुन्हा उलटत, पुन्हा रचत. उलटण्या-रचण्याचे हे काम बायका आणि मुले मोठ्या प्रमाणात करत. वाळताना वीट निम्म्याहून लहान होई.

यात वेळेला फार महत्त्व होते. उपसा वसंतात सुरू होई आणि उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत आवरावा लागे, कारण ओली वीट थंडीत गोठली की आतल्या बर्फाने तिचे धागे तुटतात आणि वितळल्यावर ती भुग्यासारखी ढासळते. एकदा पूर्ण वाळलेली वीट मात्र पाऊस सहसा शोषून घेत नाही. म्हणून पावसाळी उन्हाळा म्हणजे अर्धा माल हातचा जाणे, आणि कोरडा उन्हाळा म्हणजे भरपूर कमाई. तयार माल होडीत भरून कालव्याने मुख्य जलमार्गावर न्यायचा, तिथून ब्लोकझाइल किंवा झ्वार्टस्लाउसच्या बंदरात, आणि मग मोठ्या जहाजाने झाउडरझे हा समुद्र ओलांडून ॲम्स्टरडॅमकडे. गावातला प्रत्येक कालवा, प्रत्येक घराभोवतीची चर ही या वाहतुकीची सोय आहे. घरे बेटांवर बांधली गेली असे नाही. घरांभोवतीची जमीन खणली गेली आणि उरली ती बेटे.

आता या धंद्यातली मोठी चूक. उपसलेल्या लांब खड्ड्याला तिथे 'वेर' म्हणतात आणि विटा वाळवायच्या पट्ट्याला 'रिब', म्हणजे बरगडी. किती रुंद खणायचे आणि मध्ये किती रुंद पट्टा ठेवायचा याचे नियम होते, आणि ते पाळले जात नव्हते. त्यामागचा हिशेब उघड होता. पट्टा अरुंद ठेवला की तेवढाच जास्त पीट विकता येतो. पट्टाही पीटचाच, मऊ आणि पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा जेमतेम उंच. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितकी लाट मोठी होते. लाटेने एक पट्टा खाल्ला की दोन खड्डे एक झाले, पाणी दुप्पट रुंद झाले, लाट आणखी वाढली आणि पुढचा पट्टा आणखी लवकर गेला. ही साखळी एकदा सुरू झाली की थांबवणे फार अवघड असते.

नोव्हेंबर १७७५ आणि नोव्हेंबर १७७६ मध्ये वादळे आली, झाउडरझेचे पाणी बंधारे फोडून आत शिरले, आणि खणून पोखरलेल्या त्या प्रदेशात अडवायला काही उरलेच नव्हते. खीटहोर्नच्या दक्षिणेला ब्योलाक नावाचे गाव होते. तेही पीटचेच गाव. ते १७७६ मध्ये पाण्याखाली गेले आणि पुन्हा वसले नाही. आज त्या जागी जे मोठे तळे आहे, त्याचे नाव ब्योलाकरवाइड. त्यात आता शिडाच्या बोटी फिरतात. फेब्रुवारी १८२५ मध्ये पुन्हा मोठा पूर आला आणि ओव्हरआयसलमध्ये शेकडो माणसे दगावली. तळी आणखी पसरली. त्यांतली बहुतेक इतकी उथळ आहेत की तळाशी पीटखालची वाळू पायाला लागते.

हे किती खरे आहे, ते नकाशावर तपासता येते. खीटहोर्नच्या सभोवतीचा भाग 'दे वीडन' म्हणून ओळखला जातो, आणि वायव्येचा भाग 'वेररिब्बन'. वीडनमध्ये मोठी, वेडीवाकडी, मोकळी तळी दिसतात, कारण तिथे खोदकाम आधी झाले आणि बेशिस्त झाले. वेररिब्बनमध्ये खोदकाम मुख्यतः नंतरच्या काळात, कडक नियमांखाली झाले, म्हणून तिथे आजही पाण्याच्या सरळ पट्ट्या आणि जमिनीच्या सरळ पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या शेजारी शेजारी आहेत. वेररिब्बन हे नावच 'वेर' आणि 'रिब' या दोन शब्दांचे आहे. एकाच धंद्याचे दोन निकाल इतके स्पष्टपणे शेजारी क्वचितच पाहायला मिळतात. आमच्या मते या प्रदेशात जाणाऱ्या माणसाने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण हा फरक पाहावाच.

आणखी एक गोष्ट फारशी लिहिली जात नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला खीटहोर्नचा पीट संपत आला, तेव्हा तिथले कसबी लोक उत्तरेला फ्रीसलँडमध्ये गेले आणि पाण्याखालचा पीट उपसायची ही रीत त्यांनी तिकडे नेली. फ्रीसलँडमध्ये या आलेल्या मजुरांना आणि मुकादमांना गावाच्या नावावरूनच ओळखत. त्यांच्याबरोबर त्यांचा मेनोनाइट पंथही गेला. शस्त्र न धरणारा, मोठेपणी बाप्तिस्मा घेणारा, साधेपणाने राहणारा हा प्रोटेस्टंट पंथ खीटहोर्नमध्ये सोळाव्या शतकापासून मूळ धरून आहे. त्याचे प्रार्थनाघर आजही गावाच्या मुख्य पायवाटेवर आहे.

पीट संपल्यावर जे उरले त्यावर गाव जगले. उरलेल्या तुकड्यांवर गवत, गवतावर गाई, खड्ड्यांत मासे, काठांवर बोरू. शेताचा प्रत्येक तुकडा पाण्याने वेढलेला, म्हणून गाय, गवत, शेणखत, दूध सगळे होडीतून जाई. त्यासाठी दोन होड्या. मोठी मालवाहू 'बोक' आणि लहान 'पुंटर'. पुंटर सहा-सात मीटर लांब, सपाट बुडाची, दोन्ही टोके वर उचललेली. ओकची फळी एका बाजूने आगीवर तापवतात, दुसऱ्या बाजूने ओली ठेवतात आणि वजन देऊन हळूहळू वाकवतात. घाई केली की फळी तडकते, आणि आग कमी पडली की वाकवलेली फळी पुन्हा सरळ व्हायला बघते. चालवणारा मागे उभा राहून लांब काठी तळाला टेकवतो, रेटतो, आणि काठी बाहेर काढण्याआधी क्षणभर मागे ओढत ठेवतो. तेच सुकाणू. नवशिक्याची होडी गोल फिरते, कारण तो रेटून झाल्याबरोबर काठी उचलतो. तळ गाळाचा असेल तर काठी रुतते, आणि ती धरून ठेवणारा मागे राहतो, होडी पुढे जाते. अशा वेळी काठी सोडावी. ती तरंगते.

घरांच्या छपरांकडेही नीट पाहायला हवे. पुढचा राहता भाग बुटका आणि मागचा गोठ्या-गवताचा भाग उंच, त्यामुळे छपराला उंटाच्या पाठीसारखा बाक येतो. गवताचे उत्पन्न वाढले तसा मागचा भाग उंच केला, पुढचा तसाच राहिला. हे सौंदर्य म्हणून केलेले नाही. छपरावर बोरू घालतात, तो पाने गळाल्यावर हिवाळ्यात कापलेला. छपराचा उतार ४५ अंशांहून कमी असू नये, कारण उतार कमी झाला की पाणी थांबते आणि बोरू वरून कुजत जातो. जाडी साधारण एक फूट. सावलीच्या उत्तर बाजूला शेवाळ धरते आणि ती बाजू आधी खराब होते. आज नेदरलँडमधल्या छपरांवर येणारा पुष्कळसा बोरू पूर्व युरोप, तुर्कस्तान आणि चीनमधून येतो, कारण स्थानिक कापणीला मजुरी परवडत नाही. त्याचा परिणाम फक्त छपरापुरता राहत नाही, हे पुढे येईल.

लेखात म्हटले होते की काळ थांबला आहे. प्रत्यक्षात इथे पाण्याची पातळी रोज सांभाळली जाते. पूर्वी जास्तीचे पाणी ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून समुद्रात सोडत. १९२० च्या सुमारास ब्लोकझाइल आणि फोलनहोव्ह यांच्या दरम्यान श्ट्रोइंक नावाचे मोठे वाफेचे पंपघर उभे राहिले आणि या संपूर्ण पाणथळ प्रदेशाची पातळी हातात आली. आज ती समुद्रसपाटीच्या डच मोजमापाखाली पाऊण मीटरच्या आसपास ठेवली जाते, आणि उन्हाळा-हिवाळ्यात दहाएक सेंटिमीटरचाच फरक असतो. गंमत अशी की हा फरक निसर्गाच्या उलट आहे. निसर्गात हिवाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते. इथे उन्हाळ्यात थोडे वर आणि हिवाळ्यात थोडे खाली ठेवतात, कारण शेतीला आणि बोटींना ते सोयीचे. बोरूला आणि माशांच्या पिल्लांना मात्र हिवाळ्याअखेर काठांवर पसरलेले उथळ पाणी लागते, आणि ते मिळत नाही.

दुसरी अडचण पश्चिमेला आहे. १९३२ मध्ये झाउडरझे बांधाने बंद झाला आणि पुढे १९४२ मध्ये खीटहोर्नच्या पलीकडचा नोर्डओस्टपोल्डर कोरडा झाला. पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन. त्याची जमीन जुन्या किनाऱ्यापेक्षा काही मीटर खोल आहे, आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा पट्टा ठेवला नाही. त्यामुळे जुन्या बाजूचे भूजल जमिनीखालून त्या खोल पोल्डरकडे झिरपते. काठावरची शेते कोरडी पडली, पाणथळ भागाला पाणी कमी पडू लागले. डच अभियंत्यांनी ही चूक पुढे केली नाही. १९५७ मध्ये पूर्व फ्लेवोलँड कोरडे केले तेव्हा जुन्या किनाऱ्याला लागून तळ्यांचा पट्टा राखला. खीटहोर्नला मात्र पहिल्या चुकीची किंमत अजून मोजावी लागते. उन्हाळ्यात पाणी बाहेरून आत घ्यावे लागते, त्यात शेतखतांचे क्षार असतात, आणि त्याने शेवाळ माजते.

बोरूची गोष्ट इथे येते. उपसलेला खड्डा तसाच सोडला की तो हळूहळू भरतो. आधी स्वच्छ पाण्यात 'पाणसैनिक' ही काटेरी, तरंगती वनस्पती येते. मग काठांवरून मुळांचे जाळे पुढे सरकते आणि तरंगती गादी तयार होते. तिच्यावर पाय दिला की भोवतीची जमीन हलते. गादीवर बोरू, मग शेवाळाचे मऊ थर, मग झुडपे, आणि काही दशकांत ओले जंगल. प्रत्येक टप्प्याचे आपले प्राणी आहेत. तांबूस पंखांचे एक मोठे फुलपाखरू, ज्याची डच उपजात जगात फक्त याच कोपऱ्यात आणि शेजारच्या एका पाणथळीत उरली आहे, अंडी घालते ते पाण्याकाठच्या चुक्याच्या पानांवर. तो चुका दाट झुडपांत टिकत नाही. म्हणजे बोरू दर हिवाळ्यात कापला नाही, झुडपे काढली नाहीत आणि अधूनमधून नवे खड्डे खणले नाहीत, तर हे सगळे पन्नास-साठ वर्षांत जंगल होऊन जाईल. म्हणूनच स्थानिक बोरूची कापणी बंद पडणे ही चिंतेची बाब आहे. आज कापणी आणि खणणे हे बहुतांशी वनखाते आणि निसर्गसंवर्धन संस्था करतात. १९९२ मध्ये वेररिब्बन राष्ट्रीय उद्यान झाले, २००९ मध्ये वीडन त्यात आले. नेदरलँडमधून नाहीसे झालेले पाणमांजर २००२ मध्ये इथेच पुन्हा सोडले गेले आणि ते टिकले.

आता 'रस्ता नसलेले गाव'. जुन्या भागात मोटारीचा रस्ता नाही, हे खरे. तिथे बिननपाड ही पायवाट आहे आणि पावणेदोनशेच्या घरात लाकडी पूल, गवताने भरलेली होडी खालून जावी म्हणून उंच बांधलेले. पण गावाला लागून ब्योलाकरवेख हा सरळ मोटारमार्ग आहे. त्यावर बस येते, गाड्या उभ्या राहतात, आणि गावातली बरीच कुटुंबे मोटारीनेच कामाला जातात. गाव स्वतःची नगरपालिकाही चालवत नाही. १९७३ मध्ये ती मोडली, आणि २००१ पासून गाव आजच्या स्टेनवाइकरलँड नगरपालिकेत आहे.

बाहेरच्या जगाला गाव कळले ते १९५८ च्या 'फानफारे' या चित्रपटामुळे. बेर्ट हानस्ट्रा यांनी तो इथे चित्रित केला. आज तीन हजारांहून कमी वस्तीच्या या गावात उन्हाळ्यात पर्यटकांची अखंड रांग असते. आवाज कमी व्हावा म्हणून भाड्याच्या बोटी विजेवर चालतात, त्यांना 'कुजबुजणाऱ्या बोटी' म्हणतात. आवाज कमी झाला तरी लाट राहतेच. काठ पीटचा आहे, तो लाटेने विरघळतो. म्हणून दोन्ही काठांना फळ्यांचे कठडे ठोकलेले दिसतात, आणि ते ठराविक वर्षांनी बदलावे लागतात. अननुभवी माणूस बोट पुलाखाली आडवी घालतो, मग मागे घेण्यासाठी वेग वाढवतो, आणि पंख्याने तळाचा गाळ ढवळला जातो. पाणी गढूळ झाले की तळाच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही.

आपले वाचक तिथे जाणार असतील तर त्यांच्यासाठी थोडे. स्टेनवाइक हे जवळचे रेल्वे स्थानक, तिथून बस मिळते. सकाळी लवकर पोहोचावे, आणि आधी बिननपाडवरून पायी चालावे. कठड्यांमागची हिरवळ ही लोकांची अंगणे आहेत, तिथे शिरू नये. शक्य असेल तर बोट घेऊन गावापेक्षा बाहेरच्या खड्ड्यांकडे जावे, ड्वार्सख्राख्त वाडीच्या बाजूला, जिथे गर्दी विरळ होते. 'ओल्डे माट उस' हे जुन्या शेतघराचे संग्रहालय पाहावे. वेररिब्बनमध्ये चालताना पायवाट सोडू नये, कारण तरंगती गादी जमिनीसारखी दिसते आणि माणसाचे वजन पेलेलच असे नाही.

शेवटी एक विनंती. लेखातल्या तिसऱ्या छायाचित्राखाली 'नैसर्गिक सरोवर, ब्योलाकरवाइड' अशी ओळ छापली होती. तिथे १७७६ पर्यंत एक गाव होते. पुढच्या अंकात ही ओळ दुरुस्त करावी.

आपले,
नेदरलँडच्या पाणथळ प्रदेशांचे दोन अभ्यासक